ऑन्टोलॉजी कामाची आहे का? आधी पन्नास केसपेपर काढा

भातलावणी सुरू झाली, की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या अंगानं साप चावलेले पेशंट कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यांकडं यायला लागतात. सोबत आलेला माणूस 'साप' हा शब्द तोंडातून काढेलच असं नाही. "जनावर चावलंय" म्हणेल, नाहीतर "पान लागलंय" म्हणेल. कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टर बाहेरच्या राज्यातला असेल तर पान लागलं म्हणजे काय झालं, हे त्याला सिस्टरना विचारावं लागतं. मग केसपेपरवर कुणी 'स्नेक बाइट' लिहितं, कुणी 'अननोन बाइट', तर कुणी नुसतं 'एसबी'. तीन वर्षांनी त्याच केसपेपरांवर प्रबंध करायला बसलेल्या विद्यार्थ्याला गाईड सांगतात, "शब्दांचा घोळ आहे ना? मग ऑन्टोलॉजी वापर की!"

ऑन्टोलॉजी म्हणजे संज्ञा आणि त्यांच्यातली नाती संगणकाला कळतील अशी लिहून ठेवलेली मांडणी. तो विद्यार्थी घरी जाऊन शोधतो. शेकडो ऑन्टोलॉज्या निघतात आणि प्रत्येकीत हजारो संज्ञा. कुठली घ्यायची, घ्यायची तरी का, आणि घेऊन फायदा झाला हे कळणार कसं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. मी डॉक्टरांच्या संशोधनातली आकडेमोडीची आणि डेटाची बाजू सांभाळतो, आणि या वाटेवर पुरेशा ठेचा खाल्ल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की 'ही ऑन्टोलॉजी चांगली का?' हा प्रश्न विचारूच नका. 'माझ्या प्रश्नाला साध्या एक्सेलच्या शीटपेक्षा ही काय जास्त देते?' हे विचारा. त्याचं उत्तर पन्नास केसपेपर आणि दोन आठवडे, एवढ्यात मिळतं. उदाहरण सर्पदंशाचं घेतलंय, पण मधुमेह, क्षय, फाउंड्रीतल्या कामगारांची फुप्फुसं, काहीही घेतलं तरी पायऱ्या याच राहतात.

आधी शब्द समजून घेऊ

तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. नुसती शब्दांची यादी ही पहिली. वर्गीकरण ही दुसरी. यात प्रत्येक पेशंट एका खणात टाकायचा आणि खण मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी हे आजारांचं वर्गीकरण आहे. त्याचं मूळ मृत्यूची कारणं मोजण्यात आहे, १८९३ च्या बर्टिलाँ यादीपर्यंत ते मागं जातं. ऑन्टोलॉजी ही तिसरी गोष्ट. तिच्यात प्रत्येक संज्ञेला कायमचा क्रमांक असतो, व्याख्या असते, समानार्थी शब्द असतात, आणि मुख्य म्हणजे संज्ञांमधली नाती संगणकाला कळतील अशी लिहिलेली असतात.

नाती म्हणजे काय, ते ताटावर बघा. पांढरा रस्सा हा रश्श्याचा एक प्रकार आहे. तोच पांढरा रस्सा मटण थाळीचा एक भाग आहे. रश्श्याबद्दल जे सगळ्या रश्श्यांना लागू, ते पांढऱ्यालाही लागू होतं. पातळ असतो, वाटीत वाढतात. पण थाळी तिखटजाळ आहे म्हणून पांढरा रस्सा तिखट ठरत नाही. 'प्रकार आहे' आणि 'भाग आहे' ही दोन वेगळी नाती आहेत, आणि माणसाला जे न सांगता कळतं ते संगणकाला लिहून द्यावं लागतं. ऑन्टोलॉजी म्हणजे हे लिहून दिलेलं. शिवाय एका संज्ञेला दोन आईबाप असू शकतात. विषाणूजन्य न्यूमोनिया संसर्गाच्याही फांदीवर बसतो आणि फुप्फुसाच्या आजारांच्याही. वर्गीकरणात त्याला एकच घर मिळतं.

पायरी पहिली: प्रश्न वहीत उतरवा

कुठलीही वेबसाइट उघडण्याआधी चार-पाच प्रश्न मराठीत, पूर्ण वाक्यात लिहा. 'सर्पदंशाचा अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असे असतात:

कुठल्याही प्रकारचा रक्तस्राव झालेले पेशंट किती, आणि त्यातल्या कितींना पुढं मूत्रपिंडाला इजा झाली?

पापणी पडण्यापासून श्वास अडकेपर्यंत किती तास गेले?

मण्यार चावलेल्या आणि घोणस चावलेल्या पेशंटांच्या लक्षणांत काय फरक दिसला?

आता प्रत्येक प्रश्नाला ऑन्टोलॉजीची गरज कुठं पडते बघा. पहिल्यात 'कुठल्याही प्रकारचा' हे शब्द कळीचे आहेत. हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, उलटीतून रक्त, चाव्याच्या जागेतून न थांबणारं रक्त हे सगळं एका फांदीखाली यावं लागतं. इथं ऑन्टोलॉजी कामाला येऊ शकते. दुसऱ्या प्रश्नाला ती जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथं घड्याळ लागतं, म्हणजे वेळेचे दोन रकाने. तिसऱ्यात सापाचं नाव आणि लक्षणं अशा दोन वेगळ्या ऑन्टोलॉज्या लागतील. एवढं वहीत झालं तरी अर्धं काम झालं. अनुभवानं सांगतो, पाचपैकी दोन-तीन प्रश्न इथंच गळतात, आणि गळाले ते बरंच झालं.

पायरी दुसरी: पन्नास केसपेपर

एथिक्स कमिटीची परवानगी आधी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती प्रत्येक संस्थेच्या कमिटीकडं असतात. नाव, पत्ता, मोबाइल, आयपीडी नंबर सगळं काढून टाका आणि पेशंटला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या. केसपेपरचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची जी सवय आहे ना, ती या कामापुरती तरी सोडा.

पन्नासच का? कारण पन्नास दोन माणसांना हातानं करता येतात, आणि तेवढ्यात नेहमीचे शब्द बहुतेक येऊन जातात. ते निवडताना मात्र एकाच महिन्याचे किंवा एकाच युनिटचे घेऊ नका. प्रत्येक युनिटची लिहायची ढब वेगळी असते.

आता त्यातली लक्षणं, तपासण्या आणि सापाची वर्णनं जशीच्या तशी उतरवून काढा. दुरुस्ती करायची नाही. 'डोळे झाकत्यात', 'पापण्या जड', 'टोसिस प्लस', 'बायलॅटरल टोसिस' हे चारही वेगवेगळे लिहा (टोसिस म्हणजे पापणी पडणं). शेजारी तो शब्द किती केसपेपरांत आला तो आकडा. ही यादी तुमचं भांडवल आहे. पुढची सगळी परीक्षा हिच्यावर होते, आणि ही यादी जगातल्या कुठल्याही ऑन्टोलॉजीवाल्याकडं नाही.

पायरी तिसरी: उमेदवार शोधा, आणि माहेर विचारा

शोधायच्या दोन फुकट जागा आहेत. स्टॅनफर्डचं बायोपोर्टल, ज्यावर हजारावर ऑन्टोलॉज्या आहेत. आणि युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटची ऑन्टोलॉजी लुकअप सर्व्हिस. दुसरीत निवड थोडी आणि आटोपशीर आहे. नवख्यानं तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत. 'टोसिस' टाइप करा आणि काय काय निघतं बघा. बायोपोर्टलवर मजकूर टाकला की संज्ञा ओळखून देणारं साधन आहे, पण तिथं अख्खा केसपेपर चिकटवू नका. तो मजकूर परदेशातल्या सर्व्हरवर जातो. नुसते शब्द टाका.

लग्न जमवताना आपण माहेर विचारतो, तसं इथंही विचारायचं. ऑन्टोलॉजी कुणी, कशासाठी जन्माला घातली? तिचे गुणदोष तिथंच कळतात.

ह्यूमन फिनोटाइप ऑन्टोलॉजी, म्हणजे एचपीओ, २००८ मध्ये बर्लिनला पीटर रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी पुढं आणली. तिचं माहेर दुर्मिळ आनुवंशिक आजारांचं. तिच्यात १८,००० च्या आसपास संज्ञा आहेत आणि लक्षणांचं वर्णन फार बारकाईनं केलेलं आहे. पापणी पडणं म्हणजे एचपी:००००५०८, हिरड्यांतून रक्त एचपी:००००२२५, लघवीतून रक्त एचपी:००००७९०, धाप एचपी:०००२०९४, मूत्रपिंडाला अचानक इजा एचपी:०००१९१९. पण ती घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं जन्मापासून पापणी पडलेलं मूल होतं. काल रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोट दुखत उठलेला आणि सकाळी डोळे उघडत नसलेला ऊसतोड मजूर नव्हता. संज्ञा दोघांनाही चालते. 'किती वेळात झालं' हे मात्र तुम्हाला वेगळं लिहावं लागेल.

स्नोमेड सीटीचं माहेर पॅथॉलॉजीतलं. तिची पूर्वज १९६५ मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजनं काढली होती. आज तिच्यात साडेतीन लाखांवर संकल्पना आहेत आणि दवाखान्यातल्या रोजच्या नोंदींसाठी ती बनलेली आहे. भारत सदस्य असल्यानं आपल्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत, नोंदणी मात्र करावी लागते. देशातलं तिचं केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे, म्हणजे शंका असेल तर विचारायला लांब जायला नको. तिचा आकार हाच तिचा त्रास आहे. एकाच गोष्टीला तीन-चार जवळपासच्या संकल्पना दिसतात, आणि नवखा भांबावतो.

सापांच्या नावांसाठी एनसीबीआय टॅक्सॉनॉमी, म्हणजे सजीवांच्या शास्त्रीय नावांचा अमेरिकेतला डेटाबेस. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे 'चार मोठे', आणि भारतातली प्रतिसर्पविष लस याच चारांविरुद्ध बनते. चारही तिथं शास्त्रीय नावानं आहेत. अर्थात 'मण्यार' टाकून काही सापडणार नाही. मराठी नाव ते शास्त्रीय नाव हा तक्ता तुम्हालाच करावा लागेल. करताना जाणकार सर्पमित्राला सोबत घ्या, कारण बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत गफलत करणारे केसपेपर तुम्हाला हमखास भेटतील.

माहेराचा मुद्दा नीट पटवून घ्यायचा असेल तर आयसीडीकडं बघा. आयसीडी-१० च्या मूळ आवृत्तीत सापाच्या विषाला एकच खण आहे, टी६३.०. अमेरिकेनं स्वतःसाठी तो वाढवला. रॅटलस्नेकला स्वतंत्र क्रमांक, कोरल स्नेकला स्वतंत्र, तायपानला, नागालाही. आणि आपली घोणस, फुरसे, मण्यार? तिघंही 'इतर आफ्रिकी व आशियाई साप' या एकाच खणात. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. ज्यांच्या अंगणात जो साप, त्यांनी त्याचा खण केला. पण या खणांवर 'मण्यार विरुद्ध घोणस' हा प्रश्न सोडवायला बसलात तर अमेरिकेची बारीक यादी वापरूनही हाती भोपळा येईल. म्हणजे संज्ञा जास्त असणं आणि आपल्या उपयोगाची असणं यांचा संबंध असेलच असं नाही.

माहेर कळलं, की चारच गोष्टी झटपट बघा. शेवटची आवृत्ती कधीची? संज्ञांना व्याख्या आहेत का नुसती नावं? परवाना काय म्हणतो? तिच्याशी संबंध नसलेले लोकही ती वापरतात का? जीववैद्यकातल्या खुल्या ऑन्टोलॉज्यांसाठी ओबीओ फाउंड्री नावाचा उपक्रम आहे आणि त्याची तत्त्वं साधारण याच धर्तीची आहेत. त्या यादीत नाव असणं ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यानं तुमचा प्रश्न सुटत नाही. दोन-तीन वर्षं कुणी हात न लावलेली ऑन्टोलॉजी दिसली, तर कितीही देखणी असो, पुढं चला.

पायरी चौथी: जुळवणी

खरी मेहनत इथं आहे. तुमच्या यादीतल्या प्रत्येक शब्दापुढं तीनपैकी एक शेरा लिहायचा: नेमकी जुळणारी संज्ञा सापडली, जरा वरची सापडली, नाही सापडली.

'वरची' म्हणजे काय? केसपेपरवर लिहिलंय 'सूज गुडघ्याच्या वर चढली'. ऑन्टोलॉजीत नुसती 'सूज' सापडली. जुळलं, पण सर्पदंशात जो भाग महत्त्वाचा, म्हणजे सूज वर चढत गेली, तोच निसटला. नवखे लोक हे 'जुळलं' मध्ये धरतात आणि नव्वद टक्के जुळणी झाली असं खुशीत लिहून टाकतात. तसं करू नका. तिन्ही शेऱ्यांचे आकडे वेगळे ठेवा.

मग टक्केवारी दोन प्रकारे काढा. एक, वेगळ्या शब्दांपैकी किती जुळले. दोन, ते शब्द जितक्या वेळा आले त्या हिशेबानं किती जुळले. उलटी, चक्कर, सूज असे नेहमीचे शब्द कुठल्याही ऑन्टोलॉजीत असतात, त्यामुळं दुसरा आकडा जवळजवळ नेहमी जास्त येतो आणि छान दिसतो. तेवढ्यावर हुरळायचं नाही. तिसरा हिशेब सगळ्यात कामाचा: पहिल्या पायरीतल्या प्रश्नांना जे शब्द लागतात, त्यातले किती जुळले? ऐंशी शब्दांपैकी पंचाहत्तर जुळले आणि न जुळलेल्या पाचांतच तुमचा मुख्य प्रश्न अडकला, तर ती ऑन्टोलॉजी तुमच्यासाठी नापास.

काही गोष्टी कुठंच जुळणार नाहीत, आणि तो ऑन्टोलॉजीचा दोष नाही. काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायची आणि गोठलं का बघायचं, ही तपासणी आपल्याकडं कॅज्युअल्टीत सर्रास होते. ही लक्षण नव्हे, तपासणी आहे. लक्षणांच्या ऑन्टोलॉजीत ती शोधत बसलात तर दिवस जाईल. तपासण्यांसाठी लॉइन्कसारखी वेगळी व्यवस्था आहे. चावल्यापासून लस मिळेपर्यंतचा वेळ हा साधा आकडा आहे, त्याला रकाना पुरतो. 'आधी मांत्रिकाकडं नेलं' हे फार महत्त्वाचं आहे, पण ते तुमच्या स्वतःच्या शब्दसूचीत जाईल.

पायरी पाचवी: दोघांनी, न बोलता

एकट्यानं केलेली जुळवणी कितीही नीट असली तरी ती एका माणसाची समजूत. दुसऱ्या कुणालातरी तेच पन्नास केसपेपर द्या. एकमेकांचं बघायचं नाही, कॅन्टीनमध्येही चर्चा नाही. मग ताडून बघा.

इथं टक्केवारी फसवते. समजा 'पापणी पडली होती का' हे दोघी ठरवताहेत. पाच पेशंटांत दोघी 'हो' म्हणाल्या, चाळिसांत दोघी 'नाही'. तिघांत पहिली 'हो' आणि दुसरी 'नाही', दोघांत उलट. पन्नासपैकी पंचेचाळीस जुळले, म्हणजे ९० टक्के. पण बहुतेकांना पापणीचा त्रासच नव्हता. दोघींनी डोळे मिटून, आपापल्या 'हो'-'नाही'च्या प्रमाणात शेरे मारले असते तरी सुमारे ७४ टक्के जुळलेच असते. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कापा हा आकडा हे योगायोगाचं जुळणं वजा करतो. इथं तो ०.६१ येतो. वाईट नाही, पण ९० टक्क्यांचा रुबाब उतरला.

कापा कमी आला तर लगेच ऑन्टोलॉजीला बोल लावू नका. मतभेद झालेले पाच केसपेपर पुढ्यात घेऊन बसा. कधी व्याख्या संदिग्ध असते, तो ऑन्टोलॉजीचा दोष. कधी अक्षर लागत नाही, तो डॉक्टरांचा. आणि कधी एकीनं 'नो टोसिस' मधला 'नो' वाचलेलाच नसतो.

पायरी सहावी: साध्या शीटशी जोड लावा

खासबागेत पैलवानाची ताकद त्याच्या दंडाचा घेर मोजून ठरत नाही, जोड लावून ठरते. ऑन्टोलॉजीची जोड तुमच्या एक्सेल शीटशी लावायची.

एक अनुभवी फिजिशियन धरा. पन्नास केसपेपर वाचून ते 'रक्तस्राव होता' किंवा 'नव्हता' असा शेरा देतील. हा तुमचा मापदंड. समजा त्यांनी २० पेशंटांत 'होता' म्हटलं. आता शीटमध्ये 'ब्लीडिंग' हा शब्द शोधा. समजा १४ सापडले, त्यातले खरे ११. बाकी तिघांच्या केसपेपरवर 'नो ॲक्टिव्ह ब्लीडिंग' होतं. म्हणजे सापडलेल्यांपैकी बरोबर ७९ टक्के, आणि असलेल्यांपैकी सापडले ५५ टक्के. मग जुळवलेल्या संज्ञांवर 'रक्तस्रावाच्या फांदीखालचं सगळं दे' असं विचारा. समजा १९ आले, त्यातले खरे १७. बरोबर ८९ टक्के, सापडले ८५ टक्के. पहिल्या आकड्याला प्रिसिजन म्हणतात, दुसऱ्याला रिकॉल.

वरचे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे येतील. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फांदीखाली काय आहे हे गृहीत धरू नका. लघवीतून रक्त हे रक्तस्रावाच्या फांदीवर बसवलंय का नुसतं मूत्रविकारांच्या, हे स्वतः झाड उघडून बघा. तुमच्या मनातलं झाड आणि त्यांचं झाड एकच असेल असं नाही, आणि सगळ्यात जास्त निराशा याच जागी होते. दुसरं म्हणजे 'नव्हता' हे ऑन्टोलॉजीला आपोआप कळत नाही. नकार तुम्हालाच टिपायचा आहे, वेगळ्या रकान्यात.

अजून एक जोड लावाच, जी फार कमी लोक लावतात. शीटला थोडी मदत द्या. रक्तस्रावाचे तुमच्या यादीतले बारा-पंधरा शब्द एका रकान्यात लिहा आणि ते सगळे शोधा. दुपारभराचं काम. एवढ्यानं शीट ऑन्टोलॉजीच्या बरोबरीला आली, तर तुमच्या या प्रश्नापुरती ऑन्टोलॉजी नको. असं झाल्यावर गाईडना सांगायला संकोच वाटतो, कारण प्रस्तावात 'ऑन्टोलॉजी-आधारित' असं लिहून झालेलं असतं. तरीही सांगा.

प्रयोगशाळेतल्या मंडळींसाठी

विद्यापीठात बायोटेक किंवा बायोकेमिस्ट्री करणाऱ्यांची गाठ बहुधा जीन ऑन्टोलॉजीशी पडते. १९९८ मध्ये फळमाशी, उंदीर आणि यीस्ट यांचे डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी एकत्र येऊन ती सुरू केली. आज ४०,००० च्या आसपास संज्ञा, तीन फांद्या: रेणू काय काम करतो, कुठल्या प्रक्रियेत भाग घेतो, पेशीत कुठं असतो. समजा तुम्ही घोणशीच्या विषातली प्रथिनं ओळखली आणि त्यांची यादी एखाद्या वेबसाइटवर टाकून 'कुठल्या संज्ञा जास्त आल्या' असं विचारलं. दोन मिनिटांत रंगीत आलेख येतो आणि माणूस खूश होतो.

तो खूश होण्याआधी तीन प्रश्न. तुलना कशाशी केली? विषातल्या प्रथिनांची तुलना अख्ख्या जीनोमशी केली तर 'विषारी क्रिया' वर येणारच, त्यात शोध कसला लागला? एकाच वेळी हजार संज्ञा तपासल्या तर पाच टक्क्यांच्या निकषानं पन्नास नुसत्या योगायोगानं वर येतात. हा योगायोग वजा करणारी दुरुस्ती केली का? आणि त्या प्रथिनाला ती संज्ञा कुणी चिकटवली, हाताशी प्रयोग होता म्हणून, का दुसऱ्या प्रथिनासारखं दिसतं म्हणून संगणकानं? जीन ऑन्टोलॉजीत प्रत्येक नोंदीसोबत पुराव्याची खूण असते. आयडीए म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग, आयईए म्हणजे आपोआप, माणसाच्या नजरेखालून न गेलेली. ज्या प्राण्यांवर काम कमी झालंय त्यांच्यात आयईएचा भरणा असतो. त्या नोंदी गाळून तोच आलेख पुन्हा काढा. कोसळला, तर तुम्ही जीवशास्त्र मोजत नव्हता, दुसऱ्याचा अंदाज मोजत होता.

पुराव्याच्या खुणेची ही कल्पना मला इतकी आवडली, की ती आम्ही केसपेपरांकडं उचलली. 'घोणस' लिहिलंय, पण ओळखली कुणी? नातेवाइकांनी आठवणीवरून, मोबाइलवरच्या फोटोवरून, का मारून आणलेला साप जाणकारानं बघून? एक रकाना वाढवला आणि 'मण्यार विरुद्ध घोणस' या प्रश्नाचं उत्तरच बदललं, कारण अर्ध्याअधिक नावांमागं "अंधार हुता, लांबडं कायतरी गेलं" एवढंच निघालं. ऑन्टोलॉजी अख्खी घ्यायची नसेल तरी तिच्यातली शिस्त उधार घेता येते.

पायरी सातवी: तारीख लिहा

छोटी पायरी, पण हिच्यापायी मी दोन दिवस घालवलेत. एका कामात आम्ही कुठल्या तारखेची आवृत्ती वापरली ते लिहून ठेवलं नव्हतं. आठ महिन्यांनी समीक्षकांनी आकडे पुन्हा काढायला सांगितले. तोच डेटा, तीच क्वेरी, आणि आकडा वेगळा. आधी एकमेकांवर संशय घेतला, मग लॅपटॉपवर. शेवटी कळलं, मधल्या काळात एक संज्ञा दुसऱ्या फांदीवर गेली होती आणि एक बाद झाली होती. ऑन्टोलॉज्या जिवंत असतात, बदलतात, आणि बदललेल्याच बऱ्या. तुम्ही फक्त काम सुरू करताना फाइल डाउनलोड करून ठेवा, तिच्या नावात तारीख घाला, आणि प्रबंधात ती लिहा. आणि शीटमध्ये संज्ञेच्या नावासोबत क्रमांकही ठेवा. नाव बदलतं, क्रमांक राहतो.

आता ठरवा

दोनशे पेशंट, एक-दोन प्रश्न, एकच दवाखाना, आणि प्रबंध दीड वर्षात द्यायचा असेल, तर माझा सल्ला असा: तीस-चाळीस ओळींची स्वतःची शब्दसूची करा आणि प्रत्येक ओळीपुढं एचपीओचा किंवा स्नोमेडचा क्रमांक नुसता लिहून ठेवा. आज त्याचा उपयोग शून्य वाटेल. उद्या सांगलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या कुणी असंच काम केलं तर दोन शीट एका दिवसात एकत्र येतील. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आहे, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. अशा कामात नोंदी एकमेकींशी जुळणं ही चैन नाही.

अनेक दवाखाने, अनेक वर्षं, आणि आज न सुचलेले प्रश्न पुढं विचारायचे असतील, तर मात्र पूर्ण ऑन्टोलॉजी घ्या. पण आधी विचारा, की तुमची इंटर्नशिप संपल्यावर हे सांभाळणार कोण? नाव घेऊन उत्तर देता आलं नाही, तर पहिल्याच पर्यायावर या.

शेवटी उरते ती चौथ्या पायरीतली 'नाही सापडली' ही यादी. ती फेकू नका. एचपीओ आणि जीन ऑन्टोलॉजी दोघीही नव्या संज्ञांच्या मागण्या गिटहब या वेबसाइटवर उघडपणे घेतात, त्यासाठी मोठं नाव लागत नाही. मागणी चार ओळींची असते. संज्ञेचं नाव, एका वाक्यात व्याख्या, अशी की न बघितलेल्यालाही ओळखता यावी, ती कुठल्या फांदीवर बसावी असं तुम्हाला वाटतं, आणि ती कुठल्या छापील शोधनिबंधात वापरली गेली आहे. चाव्यापासून वर चढत जाणारी सूज, असं एकच उदाहरण घेऊन ही चार वाक्यं आज लिहून बघा. व्याख्या लिहिताना 'वर' म्हणजे नेमकं कुठून कुठं, आणि किती वेळात, यावर तुमचं आणि तुमच्या जोडीदाराचं भांडण होईल. ते मिटलं की पाठवून द्या.